कोकणात राहून सुरक्षित डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये पीएचडी आणि प्राध्यापकी जमेल का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात मांडते. विचारणाऱ्याचं वय २७, एम.टेक. झालेलं. रत्नागिरीजवळच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात ॲडहॉकवर शिकवतात, पगार वेळेवर होईलच असं नाही. घरी आईवडील आणि हापूसची थोडी कलमं. पुण्यातल्या एका कंपनीची क्लाउड सपोर्टची ऑफर आली आहे. मनात मात्र सुरक्षित डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये पीएचडी करून याच विषयात प्राध्यापकी करायची आहे. विचारलंय ते असं: या विषयातल्या प्राध्यापकाचं करिअर नक्की असतं कसं, कोकण न सोडता ते जमेल का, आणि पुण्याची ऑफर घ्यावी की सोडावी.

मी मूळची वेंगुर्ल्याची. याच विषयात पीएचडी केली, बरीच वर्षं बाहेर शिकवलं, आता पुन्हा सिंधुदुर्गात शिकवते. त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलेलं आहे. पण तुम्ही तीन गोष्टी लिहिलेल्या नाहीत: डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे का, आईवडिलांची तब्येत कशी आहे, आणि बागेचं कोण बघतं. अर्धं उत्तर त्यांच्यावरच आहे. तिथे मी ‘असं असेल तर’ एवढंच म्हणू शकते.

रत्नागिरी की पुणे हा तुमचा खरा पेच आहे असं मला वाटत नाही. तुम्ही कागदावर मांडलेला दावा दर आठवड्याला कुणीतरी समोर बसून मोडून दाखवेल, अशी माणसं तुम्हाला कुठे मिळतील, हा खरा पेच आहे. असं का म्हणते ते कळायला या विषयात काम काय असतं ते आधी बघावं लागेल. ‘सिक्युरिटी’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर हॅकिंग येतं आणि ‘डिस्ट्रिब्युटेड’ म्हटलं की क्लाउडची सर्टिफिकेटं. दोन्हींचा या कामाशी संबंध थोडाच.

विषय असा. एकच काम अनेक मशीन मिळून करतात. त्यांतली काही बंद पडणार, काही रेंगाळणार, आणि एखादं कुणाच्या तरी ताब्यात जाऊन चक्क खोटं बोलणार. तरीही बाकीच्यांनी एकाच निर्णयावर यायचं. बंद पडणं सोपं असतं, खोटं बोलणं अवघड.

समजा वाशी मार्केटचा दलाल तुम्हाला फोनवर पेटीचा एक भाव सांगतो आणि तुमच्या शेजारच्या बागायतदाराला दुसरा. संध्याकाळी तुम्ही दोघं बोलता, आकडे जुळत नाहीत. खोटं कोण बोललं? दलाल म्हणाल, तर शेजाऱ्यानेच आकडा बदलून सांगितला नसेल कशावरून? दोन्ही परिस्थितींत तुमच्या कानावर पडलेले शब्द अगदी तेच. मग कितीही हुशार असलात तरी ठरवता येणार नाही. तीन पक्ष, त्यांत एक खोटारडा, आणि नुसतं तोंडी बोलणं: हे सुटत नाही. पीस, शोस्टाक आणि लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये हे सिद्ध केलं आणि १९८२ मध्ये ‘बायझंटाइन सेनापतीं’च्या रूपात पुन्हा मांडलं. जितके खोटारडे पचवायचे त्याच्या तिप्पट अधिक एक पक्ष हवेत. एका खोटारड्याला चार.

आता दलालाने तोंडी न सांगता सही-शिक्क्याची पट्टी पाठवली असती तर? दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की दलाल उघडा पडतो, कारण त्याची सही शेजारी करू शकत नाही. म्हणजे डिजिटल सही आली की तीन पक्षांतही निभावतं. पण त्याला एक अट आहे: प्रत्येक निरोप ठरलेल्या वेळेत पोचतोच, असं धरावं लागतं. तो भरवसा काढून घ्या, आणि सही असूनही पुन्हा चारच लागतात.

का, ते एकदा स्वतः मांडून बघा. चार मशीन आहेत. चौथ्याचं उत्तर येत नाही. ते मेलंय की नुसतं हळू आहे, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, त्यामुळे तिघांच्या उत्तरावर पुढे जावं लागतं. पण गप्प बसलेलं चौथं प्रामाणिक आणि बोलणाऱ्या तिघांतलं एक खोटारडं असू शकतं. तरी तिघांत दोघं प्रामाणिक उरतात आणि त्यांचं बहुमत होतं. शिवाय चारातली कुठलीही तीन आणि दुसरी कुठलीही तीन घेतली, तर दोन मशीन तरी दोन्हीकडे असतातच, आणि त्यांतलं एक नक्की प्रामाणिक. त्यामुळे दोन गटांनी दोन वेगळे निर्णय घेतले असं होत नाही. तीन मशीन घेऊन हीच मांडणी करा, कुठे फसते ते दिसेल. ही मांडणी करताना मजा आली तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा आला तरी काही बिघडत नाही, पण मग पुण्याची ऑफर जास्त बरी.

माझ्या करिअरमधलं बरंचसं काम या एकाच सवयीवर चाललं आहे: समोरचा जे सांगतो आहे ते काय काय गृहीत धरून, आणि त्यातलं एक गृहीतक काढून घेतलं तर काय कोसळतं.

वर्गात हे दाखवायला मी रॅफ्ट वापरते. ओंगारो आणि ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेला, समजायला मुद्दाम सोपा ठेवलेला कन्सेन्सस प्रोटोकॉल, म्हणजे अनेक मशीनना एकाच निर्णयावर आणायची ठरलेली पद्धत. भंगारात निघालेले तीन डेस्कटॉप, एक स्विच. मुलं त्यावर छोटं खातेवही-सॉफ्टवेअर चालवतात. एकाची केबल ओढली तरी काम सुरू राहतं, मुलं खूश होतात. मग लीडर मशीनच्या, म्हणजे बाकीच्यांना (फॉलोअरांना) काय लिहायचं ते सांगणाऱ्या मशीनच्या, कोडमध्ये मी एक बदल करायला सांगते. लॉगच्या (नोंदवहीच्या) सातव्या ओळीत, टर्म (लीडरच्या कारकिर्दीचा क्रमांक) तीन, एका फॉलोअरला पाठवायचं ‘खात्यातून ५०० वजा’ आणि दुसऱ्याला ‘खात्यातून ५००० वजा’. फॉलोअर काय तपासतो? आधीच्या ओळीचा क्रमांक आणि टर्म. ते दोन्हीकडे जुळतात. दोघेही ओळ लिहून घेतात, ‘मिळालं’ म्हणून कळवतात, लीडर ती पक्की करतो. स्क्रीनवर एकही एरर नाही, आणि दोन मशीनवर एकाच खात्यात दोन वेगळ्या शिलका. मुलांचा पहिला शेरा ठरलेला असतो: ‘मॅडम, रॅफ्ट चुकलं.’ रॅफ्ट चुकलेलं नसतं. मशीन खोटं बोलणार नाही हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं, आपण वाचलं नव्हतं.

असंच वेळेचं. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असला, की लाइट आल्यावर मशीन कित्येक वर्षं मागची तारीख धरून उठतं. मग ब्राउझर सांगतो, वेबसाइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट अजून वैध नाही. केर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या प्रोटोकॉलवर लॉगिन असेल तर तेही नाकारलं जातं, कारण त्यात दोन घड्याळांमधला फरक सहसा ५ मिनिटांपर्यंतच चालवून घेतात. मुलं दुपारभर नेटवर्क तपासत बसतात. मी त्यांना उलटा प्रश्न विचारते: तुमचं घड्याळ मागे नेणं कुणाच्या हातात असेल तर तो काय करेल? मुदत संपलेलं, चोरीला गेलेलं सर्टिफिकेट तुमच्या गळी उतरवेल. म्हणजे तुमची अख्खी सुरक्षा एका सेलवर आणि वेळ सांगणाऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवर टांगलेली आहे, आणि हे कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नाही. घड्याळावर न विसंबता घटनांचा क्रम कसा लावायचा, हे लॅम्पोर्टने १९७८ मध्ये दाखवलं. तो पेपर आजही मी पहिल्या आठवड्यात वाचायला देते.

तिसरी गोष्ट मात्र कोकणानेच मला नीट शिकवली. वर ‘चारातलं एक खोटारडं किंवा बंद’ असं म्हटलं. त्यात एक गोष्ट गुपचूप धरली आहे: मशीन एकेकटी बिघडतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे वीज, टॉवर, रस्ते सगळं एकदम गेलं आणि कितीतरी गावांत ते लवकर आलं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. मुख्य सर्व्हर आणि बॅकअप एकाच बाजारपेठेत तळमजल्यावर असतील तर मशीन चार आहेत की चौदा याला काही अर्थ नाही. सिक्युरिटीत हेच वेगळ्या रूपात येतं. चारही मशीनवर तेच सॉफ्टवेअर असेल तर एक भोक सापडलेल्या माणसाच्या ताब्यात चारही जातात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा जगभरचे सर्व्हर एकाच वेळी उघडे पडले होते ते यामुळेच. मशीन एकमेकांपासून खरोखर वेगळी कशी ठेवायची, आणि तो वेगळेपणा मोजायचा कसा, हा प्रश्न अजून चांगलाच उघडा आहे. विषय शोधत असाल तर इथे खणा.

आता करिअरकडे. या क्षेत्राची चाल संथ आहे आणि ती ज्याला झेपत नाही त्याने इकडे वळू नये. दोघांनी एकमेकांची ओळख पटवून घ्यायचा नीडहॅम-श्रोडरचा पब्लिक-की प्रोटोकॉल १९७८ चा. त्याच्या मुळाशी फक्त तीन निरोप. गॅव्हिन लोव्हने १९९५ मध्ये त्यातलं भोक दाखवलं, म्हणजे १७ वर्षं जाणकारांनी तो वाचला, शिकवला, आणि तरी ते दिसलं नव्हतं. घुसखोर बाहेरचा असेल असं सगळे धरून चालले होते. लोव्हने तो आतलाच, स्वतःची रीतसर चावी असलेला सभासद आहे असं धरलं. दुरुस्ती काय, तर दुसऱ्या निरोपात उत्तर देणाऱ्याचं नाव घालायचं. तसंच १९८२ च्या त्या पेपरनंतर, खोटारडी मशीन पचवणं प्रत्यक्षात परवडतं हे लोकांना पटलं ते १९९९ मध्ये. एमआयटीत मिगेल कास्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी फाइल-सर्व्हर चार मशीनवर चालवून दाखवला आणि तो साध्या सर्व्हरपेक्षा जेमतेम ३ टक्के हळू निघाला. तिथेही १७ वर्षंच, योगायोगाने. लॅम्पोर्टचा पॅक्सॉस या कन्सेन्सस प्रोटोकॉलवरचा पेपर तर १९९० च्या सुमारास पाठवलेला, छापून आला १९९८ मध्ये. पुढे लॅम्पोर्टला २०१३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, पण पेपर पडून होता तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

प्राध्यापकाचा दिवस यातला किती? खरं सांगायचं तर अर्ध्याहून कमी. शिकवणं, पेपर तपासणं, विद्यार्थ्यांचे मसुदे वाचणं, दुसऱ्यांच्या पेपरांची समीक्षा, निधीसाठी प्रस्ताव (आता एएनआरएफकडे, पूर्वी एसईआरबी), आणि नॅकच्या फाइली. यातली समीक्षा मला सर्वांत उपयोगी वाटते. दुसऱ्याच्या पुराव्यातलं गृहीतक पकडताना आपलं पकडायला शिकतो. आठवड्यातून एकदा मी विद्यार्थ्यांची बैठक ठेवते. एकाने फळ्यावर मांडायचं, बाकीच्यांनी हल्लेखोर व्हायचं. ‘हा निरोप मी अडवला’, ‘ही चावी माझ्याकडे आहे’, ‘मी दोघांना वेगवेगळं सांगितलं’. तासाभरात बहुतेक मांडण्या पडतात. नवा विद्यार्थी पहिल्यांदा रडवेला होतो, दोन-तीन महिन्यांनी तोच सर्वांत जास्त पाडतो. सुरुवातीला म्हटलं ती माणसं म्हणजे हीच बैठक.

कोकणातल्या महाविद्यालयात एकट्याने बसून हे मिळणार नाही. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. तुमच्या विभागात या विषयावर तुमच्याशी भांडू शकेल असा माणूस नाही म्हणून. आठवड्याला १६ तासांचा भार, वर प्रवेश, परीक्षा आणि एनबीए मानांकनाची कामं, यातून जो वेळ उरतो तो एकट्याने वाचण्यात जातो. एकट्याने वाचलेलं सगळं खरंच वाटतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पीएचडीसाठी बाहेर पडा. आयआयटी मुंबई, आयआयएससी, आयआयटी मद्रास, थिअरीकडे ओढा असेल तर टीआयएफआर, बँकिंगच्या बाजूने जायचं तर हैदराबादचं आयडीआरबीटी. घराच्या फार लांब जाणं शक्यच नसेल तर फर्मागुडीचं आयआयटी गोवा बघा, सावंतवाडीकडून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच रायगडात आहे. पण संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. त्याच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या पेपरांत विद्यार्थ्यांची नावं पहिली आहेत का, आणि त्याच्याकडून बाहेर पडलेली मुलं आज काय करतात, एवढं बघा. त्यांतल्या एकाला फोन करून विचारलंत तर वेबसाइट महिनाभर वाचून कळणार नाही ते दहा मिनिटांत कळेल.

पार्ट-टाइमचा मार्ग आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत तो मान्य आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. पीएचडीची मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, वर दोन वाढवून मिळू शकतात. मात्र ॲडहॉकवरच्या माणसाला संस्था ते पत्र किती खुशीने देते हे तुम्हीच जाणता. घरी कुणाचं आजारपण असेल तर हाच मार्ग घ्या, पण गाईडशी आधीच ठरवा की दर आठवड्याला ऑनलाइन बैठकीत तुम्ही असणार आणि सेमिस्टरच्या सुट्ट्या तिथे जाऊन काढणार. हे ठरलं नाही तर पार्ट-टाइम पीएचडी हळूहळू सिनॉप्सिसच्या फाइलीत मरते. मी बऱ्याच मरताना पाहिल्यात.

पैशांचं: जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफ (सीनिअर) ४२,०००, हे २०२३ पासूनचे दर, घरभाडं वेगळं. पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप) मिळाली तर ७०,००० पासून सुरू होऊन शेवटी ८०,००० पर्यंत जाते, पण तिची निवड कडक. पैसे कधीकधी काही महिने थकतात, त्यामुळे हाताशी थोडी गंगाजळी ठेवूनच जा. कर्जाचा हप्ता मोठा असेल तर या रकमेत तो आणि घर दोन्ही चालणार नाही, हे आत्ताच मान्य करा.

आतापर्यंतचं दोन ओळींत: काम म्हणजे गृहीतकं उघडी पाडणं, आणि ते शिकायला भांडणारी माणसं लागतात, म्हणून काही वर्षं बाहेर. ‘कोकण न सोडता’ याचं उत्तर पीएचडीपुरतं नाही असं आहे.

परत येण्याचं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि ते तुम्हाला वाटतं त्याहून चांगलं आहे. या विषयातल्या बऱ्याच कामाला कागद, फळा आणि थोडी जुनी मशीन पुरतात. लागेल तेव्हा क्लाउडवर मशीन तासावर भाड्याने मिळतात. डेटा सेंटरच्या आतले खरे लॉग हवे असतील किंवा नवं हार्डवेअर बनवायचं असेल तर मोठ्या प्रयोगशाळेशिवाय पर्याय नाही. म्हणून परतायचं मनात असेल तर पीएचडीचा विषय निवडतानाच ते लक्षात घ्या. प्रोटोकॉलची पडताळणी, टीएलए प्लससारख्या, प्रोटोकॉल गणिती रूपात लिहायच्या भाषेत मांडणी, लिंक तुटलेली असताना चालणाऱ्या सिस्टिम्स, हे सगळं कुठूनही करता येतं.

आणि शेवटच्या त्या प्रकाराची उदाहरणं आपल्या दारात आहेत. पतसंस्थेचं घ्या. पावसात एका शाखेची लिंक गेली. खातेदार खिडकीवर उभा आहे. पैसे द्यावेत, तर त्याने तासाभरापूर्वी दुसऱ्या शाखेतून तेच काढले असतील. देऊ नयेत, तर माणूस दवाखान्याचं बिल कशातून भरणार? लिंक तुटली की अचूकता आणि सेवा यांपैकी एकच निवडावी लागते, हे ब्रुअरने २००० मध्ये म्हटलं आणि गिल्बर्ट-लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं. विद्यार्थी ते पाठ म्हणून दाखवतात आणि तिथेच थांबतात. शाखेतली माणसं तिथे थांबत नाहीत. लिंक नसताना ठरावीक रकमेपर्यंत द्यायचे, ओळखीच्या खातेदाराला, सही घेऊन, आणि लिंक आली की ताळा करायचा. आता त्यात खोटारडा घाला: शाखेतलाच एक कर्मचारी. ऑफलाइन व्यवहारांची वही त्याला मागाहून बदलता येऊ नये, बदलली तर सापडावी, आणि तरी लिंकची वाट बघत बसावं लागू नये. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) गुंफणं ही सुरुवात झाली. पण वहीचं शेवटचं पानच फाडलं तर? दोन शाखांना दोन वह्या दाखवल्या तर? इथून तीन-चार पेपर सहज निघतात.

एक इशारा इथेच. हौसेने कुठल्याही संस्थेच्या चालू सिस्टिमवर हात चालवून बघू नका, उद्देश कितीही चांगला असो. परवानगीशिवाय केलं तर आयटी कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो. लेखी परवानगी घ्या, किंवा तशीच सिस्टिम स्वतःच्या मशीनवर उभी करा. खरं भोक सापडलंच तर त्या संस्थेला आणि सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणेला कळवा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

दुसरा इशारा पेपरांचा. तुमच्या महाविद्यालयात ‘वर्षाला दोन पब्लिकेशन दाखवा’ म्हणून मागे लागत असतील आणि पैसे भरले की आठ दिवसांत छापणारी जर्नलं कुणीतरी सुचवत असेल. त्या वाटेला जाऊ नका. आपल्या क्षेत्रात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला मान आहे: सिक्युरिटीकडे यूझनिक्स सिक्युरिटी, सीसीएस, एनडीएसएस आणि आयईईईचं ते ज्याला सगळे ‘ओकलंड’ म्हणतात, सिस्टिम्सकडे एसओएसपी, ओएसडीआय, एनएसडीआय, थिअरीकडे पीओडीसी. तिथे साधारण पाच-सहा पेपरांतला एक लागतो. बढतीच्या तक्त्यात याला किती गुण हा वेगळाच तमाशा आहे, पण निवड समितीतला जाणकार माणूस तुमची यादी वाचतो तेव्हा आठ दिवसांत छापलेले पेपर त्याला पहिल्या नजरेत दिसतात आणि पुढचं तो वाचत नाही. सुरुवातीला आपल्याकडच्या आयसीडीसीएन किंवा इंडोक्रिप्टला नुसतं ऐकायला जा. चहाच्या वेळी गाईड मंडळी मोकळी सापडतात.

आता ऑफर. कर्ज असेल तर घ्या, संकोच नको. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे कंपनीत राहून परीक्षा देऊन ठेवता येते. मात्र रुजू होण्याआधी विचारा की काम तिकिटं बंद करण्याचं आहे की सिस्टिम पडल्यावर ‘का पडली’ हे शोधून लिहिण्याचं. दुसरं असेल तर ती दोन वर्षं पीएचडीचीच तयारी समजा. बंद पडलेल्या खऱ्या सिस्टिमचे लॉग वाचलेला विद्यार्थी माझ्याकडे आला तर मी त्याला आनंदाने घेईन. पहिलं असेल तर सहा महिन्यांत टीम बदलून मागा. कर्ज नसेल आणि घरचं ठीक असेल, तर मी तुमच्या जागी ऑफर सोडली असती आणि पुढच्या प्रवेशफेरीपर्यंत आहे तिथेच शिकवलं असतं, सुट्टीच्या दिवशी बागेत आणि रात्री पेपर घेऊन.

तोवर काय करायचं ते सांगते. वर आलेल्यांपैकी लॅम्पोर्टचा १९७८ चा, बायझंटाइन सेनापतींचा १९८२ चा, कास्ट्रो-लिस्कोव्हचा १९९९ चा आणि रॅफ्टचा २०१४ चा पेपर वाचा, याच क्रमाने. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ चाही घ्या, पण पहिल्या वाचनात कळला नाही तर सोडून पुढे जा. तो सगळ्यांनाच दुसऱ्यांदा कळतो. रॅफ्ट स्वतः लिहा, गोमध्ये किंवा जे येतं त्यात, आणि वर सांगितलं तसं लीडरला खोटं बोलायला लावा. मग फॉलोअरने हे पकडावं म्हणून कमीत कमी काय वाढवावं लागेल ते एका पानावर लिहा. सही? चौथं मशीन? फॉलोअरांनी आपसात हॅश ताडून बघणं? प्रत्येकाने काय पकडलं जातं आणि काय निसटतं तेही.

ते पान गाईडला पाठवायच्या मेलला जोडा. मेल आठ-दहा ओळींचा पुरे. ‘आदरणीय सर, लहानपणापासून संगणकाची आवड’ वगैरे नको. त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यातलं कुठलं गृहीतक तुम्हाला खटकलं, तुम्ही काय करून पाहिलं, आणि कुठल्या फेरीत अर्ज करणार आहात, एवढंच. बायोडेटा शेवटी. एकच मेल दहा जणांना सीसी करून पाठवू नका, हे सांगावं लागू नये पण लागतं. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि मग यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा.